मेंदूतला ‘थांब’ आणि विजेची तार

गणपती गेले की आमच्या तालुक्यात दोन ठिकाणी गर्दी होते. एक रामवाडीच्या एसटी स्टँडवर, मुंबईला परतणाऱ्यांची. दुसरी सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत, हंगामभर दुखणे अंगावर काढलेल्या कारागिरांची. पेणमध्ये नुसते ‘कारखाना’ म्हटले तर तो गणपतीचा कारखाना, हे बाहेरगावच्या माणसाला सांगावे लागते.

२०२५ च्या सप्टेंबरात अशाच गर्दीत एकसष्ट वर्षांचे एक मूर्तिकार बायको आणि मुलासह आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांना सहा वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार आहे. एकेकाळी ते मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायचे. कारखान्यातले हे सर्वांत मानाचे काम. उजवा हात थरथरायला लागल्यावर ब्रश मुलाच्या हाती गेला. मुलाने वडिलांना रक्तदाब मोजायला बाहेर पाठवले, दार लोटले आणि एका दमात सगळे सांगितले. सात-आठ महिन्यांत मोबाइलवरच्या पैशांच्या रमीत घरातली शिल्लक गेली. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. मूर्तींसाठी आलेली आगाऊ रक्कमही गेली. ऑगस्टमध्ये गणपतीच्या आदल्या आठवड्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, लगोलग ॲपवरची पैशांची रमी बंद झाली आणि घरच्यांना वाटले, सुटलो. पंधरा दिवसांत वडिलांनी परदेशातून चालणारे दुसरे ॲप शोधले. शिवाय रोज लॉटरीची तिकिटे.

“साहेब, बाबांनी आयुष्यात कधी मटक्याचा आकडा लावला नाही हो,” मुलगा म्हणाला. मग त्याने मोबाइलवर दोन गोष्टी दाखवल्या. एक जाहिरात होती, चुंबकाच्या उपचाराने दारू, तंबाखू, जुगार सगळे सुटेल असे सांगणारी. दुसरा फोटो दादरच्या एका नातेवाइकाचा होता. कंपवातासाठी मुंबईत त्यांच्या मेंदूत तार घालून छातीत यंत्र बसवले आहे. “यातलं काही केलं तर बाबांचं हे खूळ जाईल का? का आणखी वाढेल?”

प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर देण्याआधी मी केसपेपर उलटा चाळला. जानेवारीत प्रॅमिपेक्सोल या गोळीचा डोस मीच दुप्पट केला होता. खाली माझ्याच अक्षरात ‘कंप कमी, रुग्ण समाधानी’. पुढच्या प्रत्येक भेटीत मी हात पाहिला, चाल पाहिली, बद्धकोष्ठतेबद्दलही विचारले. पैसे कुठे जातात, हे एकदाही विचारले नाही.

कंपवातात मेंदूतले डोपामिन नावाचे रसायन कमी पडते. लेव्होडोपा ही मुख्य गोळी त्याची भर घालते. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या दुसऱ्या गटातल्या गोळ्या डोपामिनची नक्कल करतात. पण हे रसायन फक्त हालचालीपुरते नसते. बक्षिसाची ओढ आणि ‘आणखी एकदा’ची हौस यांच्याशीही त्याचा संबंध आहे. २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० रुग्णांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. जुगार, बेसुमार खरेदी, अनावर खाणे, अनावर कामवासना यांपैकी निदान एक तरी त्रास १३.६ टक्के रुग्णांना होता. नक्कल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. सहा जणांतला एक म्हणजे दुर्मीळ दुष्परिणाम म्हणता येत नाही. आपल्याकडे तो दुर्मीळ वाटतो, कारण डॉक्टर विचारत नाही आणि रुग्ण लाजेपोटी सांगत नाही. साठी उलटलेला घरचा कर्ता माणूस रात्री दोन वाजता चादरीखाली मोबाइल घेऊन खेळतो, ही गोष्ट आमच्या भागात कोणी सुखासुखी डॉक्टरला सांगत नाही.

आता दादरच्या नातेवाइकांच्या तारेकडे वळू. तिला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे प्रा. बेनाबिद यांनी या उपचाराचे आजचे रूप सुरू केले. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस तो आणला. कवटीला छोटे छिद्र पाडून जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूच्या खोल भागात नेतात. ती त्वचेखालून छातीतल्या बॅटरीला जोडतात. बॅटरी सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचा बारीकसा ठोका देते. तारेचे टोक बहुतेकदा ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’ या केंद्रात ठेवतात. आपल्याकडचा कडव्या वालाचा दाणा डोळ्यांसमोर आणा, जवळपास तेवढेच, तसेच चपटे. या दाण्याचा वरचा-बाहेरचा भाग हालचाली सांभाळतो, आतल्या टोकाचा भाग भावना आणि प्रेरणा. मधली जागा विचारांशी जोडलेली. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की करंट कंपाऐवजी स्वभावाला लागतो.

हे केंद्र मेंदूचा ब्रेक आहे असे समजले तर पुढचे सोपे होते. दोन वाटा समोर असल्या आणि कुठली घ्यावी हे स्पष्ट नसले, की कपाळामागचा मेंदू या केंद्राला इशारा देतो आणि ते बाकीच्या यंत्रणेला म्हणते, जरा थांब. हा थांबा सेकंदाच्या काही अंशांचा असतो. बाजारात दोन सारखेच बरे पापलेट समोर असले तर आपण क्षणभर घुटमळतो, ते या ब्रेकमुळे.

मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. कंपवाताच्या रुग्णांना जोडीजोडीने चिन्हे दाखवून, कुठले चिन्ह जास्त वेळा ‘बरोबर’ ठरते ते शिकवले. मग दोन चांगली चिन्हे एकमेकांसमोर ठेवली. अशा अवघड निवडीला निरोगी माणूस जास्त वेळ घेतो. यंत्र बंद असताना तारवाले रुग्णही घेत होते. यंत्र चालू केले की ते घुटमळेनासे झाले, उलट घाई करू लागले, आणि त्या घाईत चुकू लागले. गोळ्यांवरच्या रुग्णांत वेगळेच दिसले. ते घाई करत नव्हते, पण हरल्यावर त्यातून शिकायला हवे ते शिकत नव्हते.

मला हा फरक फार मोलाचा वाटतो. गोळी हरण्याचा धडा पुसते. तार निवडीआधीचा थांबा पुसते. दोन्हीला आपण ‘उतावीळपणा’ असे एकच नाव देतो, पण दोन्हींचा धोका वेगवेगळ्या प्रसंगी येतो. रमीत सलग चाळीस डाव हरूनही एकेचाळिसावा डाव नवा वाटणे, हे गोळीचे काम. डोळ्यांसमोर आलेली जमीन, गाडी किंवा भांडण विचार न करता पटकन घेऊन टाकणे, हे तारेचे काम असू शकते. असू शकते, असेच म्हणतो, कारण प्रयोगशाळेतल्या चिन्हांवरून घरातल्या व्यवहाराकडे उडी मारणे डॉक्टरांनाही शोभत नाही. आणि प्रत्यक्षातले चित्र उलटेही आहे.

कसे, ते सांगतो. २००६ मध्ये ग्रेनोबलच्याच गटाने जुगाराचे व्यसन लागलेल्या सात कंपवात रुग्णांची हकिकत छापली. याच केंद्रात तारा घातल्यावर सातही जणांचा जुगार सुटला. यात जादू नाही. तारेने हालचाली सुधारल्या, त्यामुळे गोळ्या मोठ्या प्रमाणात कमी करता आल्या, आणि गोळ्या कमी झाल्यावर ओढ ओसरली. पुढे २५१ रुग्णांच्या एका युरोपीय चाचणीत, गोळ्यांमुळे येणारे असे वर्तनदोष तार घातलेल्या गटात केवळ गोळ्यांवर असलेल्यांपेक्षा कमी राहिले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले. म्हणजे मुलाच्या प्रश्नाला ‘जाईल’ हे उत्तर खरे ठरू शकते. दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत ‘वाढेल’ हेही खरे ठरू शकते, कारण तार चुकार जागी असली, करंट जास्त झाला किंवा गोळ्या कमी न करता तशाच ठेवल्या, तर घाई वाढते.

‘वाढेल’ची सर्वांत अस्वस्थ करणारी हकिकत नेदरलँड्सची आहे. २००४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी बासष्ट वर्षांच्या एका रुग्णाबद्दल लिहिले. तारेमुळे त्याचे शरीर मोकळे झाले, पण मन उन्मादाच्या अवस्थेत गेले. उधळपट्टी, कर्जे, कोणाचे न ऐकणे. औषधांनी काही फरक पडेना. यंत्र बंद केले की माणूस शुद्धीवर, पण पलंगाला खिळलेला. चालू केले की चालता-फिरता, पण स्वतःचे बरेवाईट न कळणारा. डॉक्टरांनी यंत्र बंद करून, तो शुद्धीवर असताना, त्यालाच विचारले की पुढे काय करायचे. त्याने यंत्र चालू ठेवून मनोरुग्णालयात राहणे पसंत केले. त्याच्या जागी मी असतो तर काय म्हटले असते, हे मला आजही ठरवता येत नाही. पण निर्णय कोणत्या अवस्थेत घ्यायला लावला, याचे मात्र त्या डॉक्टरांना पुरते भान होते.

मुंबईतही असा इशारा फार पूर्वी मिळाला होता. डॉ. दोशी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘मूव्हमेंट डिसऑर्डर्स’ या नियतकालिकात, दोन्ही बाजूंना तारा घातल्यानंतर नैराश्य येऊन आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. स्वतःच्या उपचाराचा दुष्परिणाम जगासमोर मांडणारे शल्यचिकित्सक थोडे असतात. पुढे २००८ मध्ये अनेक देशांतल्या ५३११ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. शस्त्रक्रियेनंतर ०.४५ टक्के रुग्णांनी आत्महत्या केली आणि ०.९० टक्के रुग्णांनी प्रयत्न केला. आकडे लहान आहेत, पण प्रयत्न करणाऱ्यांत आधी जुगार-खरेदीसारखा अनावरपणा किंवा गोळ्यांचीच सवय असलेले रुग्ण जास्त होते. म्हणजे मुलाने दार लोटून सांगितलेली हकिकत मुंबईच्या न्यूरोसर्जनपर्यंत पोहोचली नसती, तर सर्वांत महत्त्वाची माहितीच वाटेत गळाली असती.

आता जाहिरातीतला चुंबक. याला आरटीएमएस म्हणतात. डोक्यावर बाहेरून एक गुंडाळी धरतात, तिच्यातल्या चुंबकीय ठोक्यांनी कवटीखालच्या मेंदूत सौम्य वीज निर्माण होते. भूल नाही, कापाकापी नाही, माणूस खुर्चीत जागा असतो. ग्रामीण भागात लोक याला ‘शॉक’ समजतात. शॉक म्हणजे ईसीटी, तो निराळा. त्यात भूल देऊन झटका आणवतात, आणि भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे.

या चुंबकाने उतावीळपणा कमी होतो का? मेंदूच्या पुढच्या भागावर तो धरला की निवडीवर परिणाम होतो, हे नक्की. २०१० मध्ये झालेल्या एका प्रयोगात ‘आज थोडे पैसे घेता की काही दिवसांनी जास्त’ असा प्रश्न होता. डाव्या कपाळामागचा भाग चुंबकाने तात्पुरता मंद केल्यावर लोक आजचे थोडे पैसे जास्त वेळा निवडू लागले. थांबण्याची ताकद हिरावून घेता येते, हे या प्रयोगाने दाखवले. हिरावता येते म्हणून ती वाढवताही येईलच, असे मात्र नाही. जाहिरातवाले गफलत नेमकी इथे करतात.

काही आशादायक काम आपल्या देशातही झाले आहे. रांचीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकिएट्रीत दारूचे व्यसन असलेल्या ४५ रुग्णांवर प्रयोग झाला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना खरा चुंबक दिला, काहींना नुसता देखावा. खऱ्या चुंबकाच्या दहा बैठकांनंतर दारूची तीव्र इच्छा कमी झाली. पण पाठपुरावा जेमतेम महिनाभराचा होता, आणि दारू सुटणे म्हणजे काय हे ज्या घरांनी पाहिले आहे, त्यांना महिनाभराची किंमत ठाऊक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी, २०१८ मध्ये मंत्रचळासाठी आणि २०२० मध्ये सिगारेट सोडण्यासाठी अशा यंत्रांना परवानगी दिली. त्या यादीत जुगार नाही. जुगारासाठी चुंबक हा अजून संशोधनाचा विषय आहे. संशोधनात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. दहा बैठकांचे पॅकेज विकणाऱ्याला एवढे एकच विचारावे. घरी डोक्याला लावायची, बॅटरीवर चालणारी यंत्रे ऑनलाइन मिळतात, त्यांच्या नादाला तर लागूच नये.

कायद्याबद्दल थोडे. २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची पूर्ण समजून दिलेली संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची मान्यता, दोन्ही लागतात. कंपवात हा मानसिक आजार नाही, म्हणून त्या शस्त्रक्रियेला ही चाळणी लागत नाही. तार मात्र त्याच वालाच्या दाण्यात जाते. कायदा आजाराचे नाव पाहतो, तार कुठे जाते ते पाहत नाही. प्रत्येक शस्त्रक्रिया मंडळापुढे न्यावी असे मी म्हणणार नाही, त्याने गरजू रुग्ण ताटकळतील. पण आधी आणि नंतर मनोविकारतज्ज्ञाची तपासणी, आणि संमतीच्या कागदावर ‘पैसे, राग, घाई यांत बदल होऊ शकतो’ ही ओळ मराठीत, एवढे तरी सगळीकडे व्हावे. बॅटरी कंपनीची पुस्तिका बहुतेकदा इंग्रजीत असते आणि ती मुलगा वाचतो. बदल मात्र आधी बायकोच्या लक्षात येतो.

ऑगस्टमधल्या गेमिंग कायद्याचे मी स्वागतच केले. त्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे योग्यच झाले. अशी ॲप्स बनवणारे लोक, आपण ज्या थांब्याबद्दल बोलतो आहोत तोच थांबा काढून टाकायचे काम करतात. डाव संपायच्या आत दुसरा सुरू, पैसे भरायला एक बोट पुरते, हरल्यावर लगेच बोनस. निरोगी मेंदूचा ब्रेकही तिथे झिजतो. पण दुकान बंद केल्याने ज्याच्या डोक्यात गिऱ्हाईक तयार झाले आहे त्याचे भागत नाही, हे आमच्या मूर्तिकारांनी पंधरा दिवसांत दाखवून दिले. बंदीनंतर ओपीडीत येणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारायची सवय आम्हा डॉक्टरांना लागली पाहिजे: कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि त्या सुरू झाल्यावर खर्च बदलला का. मूडचा प्रश्न असेल, झोप उडाली असेल, कर्जाने जीव टांगणीला लागला असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

मी मुलाला सांगितले की आधी तारही नाही आणि चुंबकही नाही, आधी माझी गोळी कमी करू. ती एकदम बंद करू नये, हे वाचकांनीही लक्षात ठेवावे. अचानक थांबवली तर अस्वस्थता, भीती, घाम, खोल निराशा असे त्रास होतात, आणि काही जण ते सहन न होऊन पुन्हा गोळीकडे वळतात. आम्ही आठवड्याआठवड्याने डोस उतरवला, लेव्होडोपाच्या वेळा बदलल्या. मोबाइलवरची बँक मुलाकडे गेली. वडिलांना समोर बसवून सांगितले की यात तुमच्या चारित्र्याचा दोष नाही, औषधाचा आहे आणि ते मी दिले होते. ते बराच वेळ जमिनीकडे पाहत होते. मग म्हणाले, “मला वाटलं, म्हातारपणी मी असाच निघालो.”

डिसेंबरात तिघे पुन्हा आले. रमी सुटली होती. लॉटरीच्या दुकानावरून जातात आणि आठवणही येत नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले. हात मात्र बिघडला होता. दाढी करताना गाल कापतो, सदऱ्याची बटणे बायको लावते. लेव्होडोपा वाढवावी तर अंग वेडेवाकडे हलते. अशा माणसाला मेंदूतल्या तारेचा खरोखर उपयोग होण्याची शक्यता असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत अशा यंत्रालाही मंजुरी मिळाली आहे, जे मेंदूतल्या लहरी ऐकून करंट आपोआप कमी-जास्त करते. त्याने कंपाबरोबर घाईही आवरेल का, याचे उत्तर यायला वेळ आहे.

मी मुंबईला न्यूरोलॉजी विभागासाठी चिठ्ठी लिहिली. कंपाच्या आधी, पहिल्याच ओळीत लिहिले: ‘प्रॅमिपेक्सोलवर असताना जुगार, गोळी कमी केल्यावर पूर्ण थांबला. शस्त्रक्रियेपूर्वी मनोविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे.’ आतापर्यंत गप्प बसलेल्या बायकोने विचारले, “तार घातल्यावर ह्यांचं परत तसं झालं तर कळणार कसं?”

मी म्हटले, वही ठेवा. रोज किती पैसे गेले, झोप किती झाली, चिडचिड किती, कशाची घाई केली. तपासणीला जाताना ती वही डॉक्टरांना दाखवा, म्हणजे करंट किती ठेवायचा हे त्यांना त्यावरून ठरवता येईल. त्यांनी पिशवीतून कारखान्याची ऑर्डरची डायरी काढली. भाद्रपदानंतरची पाने कोरीच होती.